आमच्या गावचं जुनं सबस्टेशन पाडायला निघालेत. वाचवायचं कसं?

माडाखाली

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यातल्या आमच्या खाडीकाठच्या गावात ३३/११ केव्हीचं, म्हणजे विजेचा दाब ३३ हजार व्होल्टवरून ११ हजारांवर उतरवणारं, एक जुनं सबस्टेशन आहे. शेजारीच नवं उभं राहिलं, सगळे फीडर (वाड्यांकडे जाणाऱ्या लाइनी) तिकडे वळवले आणि जुनं बंद झालं. आता यार्डातलं सामान भंगाराच्या लिलावात जाणार आहे आणि कंट्रोल रूमची इमारत पाडून तिथे गोडाऊन होणार आहे. इमारत आणि आतलं थोडं तरी सामान राहावं म्हणून हा धागा काढतोय.

ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, समोर चार पायऱ्या. आत गेलं की डाव्या हाताला राखाडी रंगाच्या पॅनेलची रांग, त्यावर गोल काचेचे मीटर. उजवीकडे बॅटरीची खोली. तिचं दार उघडलं की ॲसिडचा वास येतो, तो अजूनही येतो. भिंतीवर हाताने रंगवलेला लाइनचा नकाशा आहे: कुठला फीडर कुठल्या वाडीला, कुठे स्विच, कुठे डीपी. वाड्यांची नावं जुन्या वळणाची आहेत, त्यातली दोन आता कोणी उच्चारतही नाही. शाळेतून येताना आम्ही खिडकीच्या गजाला लोंबकळून आत बघायचो. ऑपरेटर काका हाकलायचे, पण घंटा वाजली की आमच्याकडे बघायला त्यांना वेळ नसायचा.

आमच्याकडे वीज आली ती सत्तरच्या दशकात. आजीला विचारलं की ती दिव्याबद्दल फार बोलत नाही, कंदिलाच्या काचांबद्दल बोलते. रोज तिन्हीसांजेला राख आणि फडकं घेऊन चार काचा पुसायच्या, आणि त्यातली एखादी तडकली तर आठवड्याच्या बाजारापर्यंत एक खोली अंधारात. ते काम संपलं म्हणून तिला ती तारीख लक्षात आहे. कंदील माळ्यावर गेले ते ३ जून २०२० पर्यंत वरच होते. निसर्ग वादळानंतर ते खाली आले आणि तीन आठवडे खालीच राहिले.

पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. वीज तयार व्हायला आपल्या कोकणात खूप आधी सुरुवात झाली. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. तिन्ही सह्याद्रीच्या पायथ्याशी, आपल्या बाजूला. पाणी घाटावर अडवायचं, पाइपातून खाली सोडायचं आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीची गावं बुडाली, सेनापती बापटांचा सत्याग्रह त्याच धरणाविरुद्धचा. पुढे कोयना. पोफळीचं भूमिगत वीजगृह चिपळूण तालुक्यात आहे, १९६२ साली सुरू झालं. तिथून मुंबईकडे मोठ्या दाबाची लाइन निघाली, आणि त्याच जिल्ह्यातल्या किनाऱ्यावरच्या कितीतरी वाड्या पुढची दहा-पंधरा वर्षं कंदिलावर होत्या. मनोऱ्यावरून जाणाऱ्या २२० केव्हीच्या तारेतून घरात दिवा लागत नाही. त्यासाठी ती वीज कुठेतरी खाली उतरवावी लागते. आमच्या गावासाठी आणि आजूबाजूच्या गावांसाठी ती जिथे उतरली ती ही जागा. धरणांचे फोटो पुस्तकात आहेत, वीजगृहांचे आहेत. या पायरीचा एकही नाही.

कोणी असं काम केलं असेल तर सांगा. कुठून सुरुवात करू?

---

सुपारीची बाग

अनुमोदन. आमच्या श्रीवर्धनकडेही एक असंच होतं. एका सुट्टीत गावी गेलो तर जागा सपाट. फोटो काढायचा राहून गेला. तुम्ही आधी फोटो काढा, बाकी चर्चा नंतर.

---

खळ्यातला खांब

माडाखाली, राग मानू नका, पण दुसरी बाजू कोणीतरी मांडायला हवी.

निसर्ग वादळ तुम्हीच आठवलंत. तेव्हा आमच्या भागात पोल मिळेनात. बाहेरच्या जिल्ह्यांतून ट्रक येत होते, रस्त्यात झाडं आडवी, पोल पोचायला दिवसच्या दिवस गेले. किनाऱ्याजवळ पोल, तार, डीपीचे ट्रान्सफॉर्मर साठवायला गोडाऊन होत असेल तर ते गावाच्या फायद्याचं आहे. पुढचं वादळ येणार हे ठरलेलं आहे. अशा वेळी पन्नास वर्षांची बंद इमारत अडवून धरायची का? आमच्या शाळेची पडवी गळते, आरोग्य उपकेंद्रात नर्स आठवड्यातून दोनदा येते. त्यासाठी जेवढी माणसं जमत नाहीत तेवढी इथे जमली तर मला वाईट वाटेल.

जुनं जपायला माझा विरोध नाही. क्रम कुठला लावायचा एवढाच प्रश्न आहे.

---

माडाखाली

खळ्यातला खांब, राग कसला. गोडाऊन हवंच. काल पुन्हा जाऊन पावलांनी जागा मोजून आलो. कंट्रोल रूम एकूण जागेच्या दहाव्या हिश्शाएवढीही नाही. मोकळं होणारं यार्ड मोठं आहे, आणि सिमेंटचे पोल व केबलचे ड्रम उघड्यावरच ठेवतात. छप्पर लागतं ते फ्यूज, क्लॅम्प, इन्सुलेटर अशा सामानाला. त्यासाठी यार्डात शेड घातली तर दोन्ही होतं. पाडापाडीचा खर्चही वाचतो. हे लेखी मांडणार आहे.

---

जुना ऑपरेटर

धागा मुलीने दाखवला. मी स्वतः टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या. तुमच्या गावी मी नव्हतो, पण याच तालुक्यातल्या दोन सबस्टेशनांवर मिळून बावीस वर्षं शिफ्ट केली. राज्य वीज मंडळात लागलो आणि २००५ साली मंडळाच्या कंपन्या झाल्या त्यानंतर काही वर्षांनी निवृत्त झालो.

तुम्ही इमारतीबद्दल लिहिलंय. मी आतल्याबद्दल लिहितो, कारण तेच आधी जाईल. तांबं असतं त्यात.

पॅनेलवर काळ्या पेटीत काचेमागे रिले असतात. जुन्या रिलेत ॲल्युमिनियमची चकती असते, घरच्या जुन्या मीटरात फिरायची तशीच. लाइनवर करंट वाढला की चकती फिरायला लागते, जास्त वाढला तर जोरात फिरते, ठरलेल्या ठिकाणी पोचली की ब्रेकरला, म्हणजे लाइन तोडणाऱ्या स्विचला, ट्रिप देते आणि खिडकीत फ्लॅग पडतो. कुठला फ्लॅग पडला यावरून आम्ही लाइनमनला पाठवायचो. अर्थ फॉल्टचा, म्हणजे वीज जमिनीत जात असल्याचा, पडला तर फांदी टेकली असेल, इन्सुलेटर फुटला असेल किंवा तार तुटून जमिनीवर असेल. फक्त ओव्हरकरंटचा पडला तर वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आपटल्या असतील. रात्री दोन वाजता, पावसात, आठ मैलांच्या लाइनवर माणूस कुठे पाठवायचा हे त्या चकतीवर ठरायचं. नव्या रिलेत हे सगळं आकड्यांत दिसतं, काम जास्त चांगलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण चकती फिरताना बघितली की शाळेतल्या पोराला संरक्षण म्हणजे काय ते कळतं. पडद्यावरच्या आकड्यावरून कळत नाही.

ट्रान्सफॉर्मरला ब्रीदर असतो. तेल तापलं की फुगतं, थंड झालं की आकसतं, म्हणजे टाकीला श्वास घ्यावा लागतो. आत जाणारी हवा सिलिका जेलच्या दाण्यांतून जाते आणि दाणे दमटपणा शोषतात. कोरडे असताना निळे, ओले झाले की गुलाबी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर ते बघता बघता गुलाबी व्हायचे. आम्ही काढून तव्यावर भाजायचो की पुन्हा निळे. देशावरून बदलून आलेला माणूस पहिल्या पावसाळ्यात हे बघून चकित व्हायचा.

आणि मीठ. हे कोकणातल्या ऑपरेटरलाच ठाऊक. मार्च ते मे खारा वारा इन्सुलेटरवर मीठ बसवत असतो. कोरडं आहे तोवर काही होत नाही. मेअखेरीस पहिली भुरभुर आली की मीठ ओलं होतं आणि वीज चिनी मातीच्या अंगावरून सरपटायला लागते. अंधारात निळसर ठिणग्या दिसतात, चरचर ऐकू येते, मग फीडर ट्रिप. लोक म्हणायचे, चार थेंब पडले आणि लाइट गेली. पण चार थेंबच वाईट. धो धो पाऊस आला की सगळं धुऊन निघतं आणि लाइन शांत होते. म्हणून मेच्या मध्यावर शटडाउन घेऊन एकेक डिस्क फडक्याने पुसायचो. या पुसण्याबद्दल कुठल्या कागदावर काही मिळेल असं समजू नका. लॉगबुकात फक्त शटडाउनची वेळ मिळेल.

लॉगबुकं शोधा. तासातासाला व्होल्टेज, प्रत्येक फीडरचा करंट, तेलाचं तापमान लिहायचो. गावात भाताची गिरणी कधी आली, बंदरावर बर्फाचा कारखाना कधी सुरू झाला, बागांना पंप कधी लागले हे त्या आकड्यांत दिसतं. गणपतीत संध्याकाळचा लोड चढायचा, मुंबईकर परत गेले की उतरायचा. रद्दीत गेली तर परत मिळणार नाहीत.

शेवटचं एक. परमिटचं पुस्तक असेल तर तेही ठेवा. लाइनमन लाइनवर चढण्याआधी ऑपरेटर त्याला लेखी परमिट देतो, की लाइन बंद आहे, अर्थ केलेली आहे. तो खाली उतरून परमिट परत करीपर्यंत हँडलला हात लावायचा नाही, मग वरून कोणाचाही फोन येवो. त्या पुस्तकातली प्रत्येक पावती म्हणजे एक माणूस सुखरूप खाली आला. माझ्या नोकरीत एक परमिट परत आलं नाही. त्यावर इथे लिहिणार नाही.

---

सुपारीची बाग

काका, दोनदा वाचलं. वर मी फोटोंबद्दल लिहिलं होतं, पण फोटोत यातलं काही आलं नसतं.

---

पागोळी

मी वास्तुरचनेत आहे, रत्नागिरीत जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामं करते. तीन गोष्टी सांगते, त्यातली पहिली सगळ्यात निकडीची.

पाऊस. बंद इमारत कोकणात दोन पावसाळ्यांत जाते. एक कौल सरकलं की वासा कुजायला लागतो, वासा गेला की कौलं एकदम खाली येतात, मग ‘धोकादायक’ अशी नोटीस लागते आणि चर्चा संपते. म्हणून ठराव, परवानग्या, मिटिंगा चालू असताना कोणीतरी वर चढून कौलं बसवून घ्या. ओळखीच्या कारागिराचं दिवसभराचं काम आहे. पन्हळीतला पाला काढा.

दुसरं, भिंतीला सिमेंटचा गिलावा करू देऊ नका. खाणीतून काढल्यावर चिरा मऊ असतो आणि हवा लागून टणक होत जातो. त्याला श्वास लागतो. सिमेंटने बंद केला की ओल आत राहते आणि गिलावा पोपडे धरतो. दरजा चुन्याने भरा. पंचायतीला रंगरंगोटीची हौस असते, ती पॅनेलच्या खोलीपासून लांब ठेवा. भिंतीवरच्या नकाशावर कोणी ऑइल पेंट मारला तर तो गेलाच.

तिसरं, पॅनेल उचलून शाळेत किंवा पंचायतीच्या हॉलमध्ये ठेवायचा विचार कोणीतरी मांडेल. शक्यतो मान्य करू नका. जागच्या जागी त्याला अर्थ आहे: खालून केबल येते, मागे ब्रेकर आहे, खिडकीतून ट्रान्सफॉर्मरचा ओटा दिसतो. उचललं की नुसतं कपाट उरतं. औद्योगिक वारशाबद्दल २००३ सालची निझ्नी तागीलची आंतरराष्ट्रीय सनद आहे, तीही जागच्या जागी जतन करण्यालाच पहिली पसंती देते. त्याच सनदेत माणसांच्या आठवणीत असलेलं कामाचं ज्ञान हासुद्धा वारसाच मानला आहे. जुना ऑपरेटर यांनी वर लिहिलंय ते वाचताना मला तेच आठवलं.

मोजमापाचे नकाशे मी काढून देईन, पैसे नकोत. एक शनिवार-रविवार लागेल.

---

कचेरीची पायरी

कायद्याचं थोडक्यात, म्हणजे चुकीच्या दारात वेळ जाणार नाही.

केंद्राचा प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा किमान शंभर वर्षं जुन्या वास्तूंसाठी आहे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही वस्तूंना शंभर वर्षं मागतो, हस्तलिखितांना पंचाहत्तर. तुमची इमारत, पॅनेल, लॉगबुकं यातलं काहीच बसत नाही. पुरातत्त्व खात्याला अर्ज करून वाट बघत बसू नका.

तुमचा खरा मार्ग मालकाशी बोलण्याचा आहे. सातबारा काढा. जागा वीज मंडळाने विकत घेतली, सरकारने दिली की गावातल्या कोणी बक्षीस दिली, ते फेरफारात मिळेल. ग्रामसभेत विषय ठेवून ठराव घ्या. त्यात दोन ओळी स्वच्छ हव्यात: इमारतीचा ताबा देखभालीसाठी पंचायतीकडे द्यावा, आणि ठरावीक सामान लिलावातून वगळावं. सामानाची यादी जोडा, नगवार. ‘ऐतिहासिक साहित्य’ असं मोघम लिहिलंत तर लॉट जसाच्या तसा जाईल. निर्लेखनाची, म्हणजे सामान भंगारात काढण्याची, फाइल कुठे आहे ते तोंडी कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात विचारा, पण आधी जाऊन बोला. शेजारी चालू सबस्टेशन आहे, त्यामुळे सुरक्षेचा मुद्दा पहिला येईल आणि तो रास्त आहे. मधे भिंत आणि रस्त्याकडून वेगळं दार, हे तुम्हीच प्रस्तावात लिहा.

---

दर्यावर्दी

पॅनेल ठेवा, पण तेलाचं आधी बघा. मी जहाजावर इलेक्ट्रिकल बाजूला होतो. जुन्या काळातल्या काही ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरच्या तेलात पीसीबी नावाचं रसायन असतं. ते वर्षानुवर्षं नष्ट होत नाही, माशांत आणि माणसांत साठतं. स्टॉकहोम कराराखाली ते जगभर बाद करत आणलंय, आपल्याकडे २०१६ चा आदेश आहे. तुमचं सबस्टेशन खाडीकाठी आहे. लिलाव घेणारा माणूस टाकी हलकी करायला तेल जागेवरच सोडून देतो हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तपासणी झाल्याशिवाय एक थेंबही जमिनीवर पडता कामा नये, हे ठरावात घाला. बॅटऱ्यांचं ॲसिड आणि शिसंही तसंच.

आणि मोठा ट्रान्सफॉर्मर ठेवायचा हट्ट सोडा. तो तेलासकट सांभाळणं गावाला झेपणार नाही.

---

खळ्यातला खांब

तेलाचा मुद्दा फार महत्त्वाचा. आमच्याकडे खाडीत कालवं काढणाऱ्या बाया आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे. या एका ओळीसाठी तरी मी ग्रामसभेला येऊन हात वर करीन. यार्डात शेड घालायची कल्पनाही पटली. शाळेच्या पडवीचा विषय मात्र त्याच सभेत मांडणार, त्याला तुम्ही हात वर करा.

---

माडाखाली

करणार. शब्द दिला.

---

क्वार्टरची पोर

माझे बाबा ऑपरेटर होते, मंडणगडकडे. मी क्वार्टरमध्ये वाढले. कुंपणाच्या आत दोन खोल्या, आणि रात्रभर ट्रान्सफॉर्मरचा घुंऽऽ असा आवाज. तो आवाज थांबला की आम्ही सगळे झोपेतून उठायचो. गावात लोक अंधाराने उठायचे नाहीत, आम्ही शांततेने उठायचो. आई आधी चपला आणि बॅटरी बाबांच्या हातात द्यायची, मग आम्हाला पांघरूण घालायची.

लाइट गेली की लोक सबस्टेशनवर चालून यायचे, शिव्या द्यायचे. गणपतीत एकदा दगड आला, काच फुटली. बाबा आतून दार लावून लाइन घेण्याचं काम करत राहिले. लाइट आली, लोक गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्याच एकाने नारळ आणून पायरीवर ठेवला, बोलला काही नाही. बाबा आता नाहीत. त्यांच्या कामाची जागा म्हणून दाखवायला माझ्याकडे काही नाही, तिथे आता नवी इमारत आहे.

माडाखाली, तुमच्या इथे जी कुटुंबं क्वार्टरमध्ये राहून गेली त्यांनाही शोधा. बायकांना विचारा. त्यांना कोणी विचारत नाही.

---

कंदील

बाहेरची दोन उदाहरणं, ठरावाबरोबर जोडायला उपयोगी पडतील. दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंग, १८९७ सालचं, भारतातलं पहिलं जलविद्युत केंद्र. क्षमता अवघी १३० किलोवॅट. आजच्या हिशोबाने एखाद्या मोठ्या गृहसंकुलाचा लोड, पण ते वारसा म्हणून सांगितलं जातं. दुसरं कर्नाटकातलं शिवनसमुद्र, १९०२. तिथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज गेली, जवळजवळ दीडशे किलोमीटर लांब. ही दोन्ही निर्मितीची ठिकाणं आहेत. खाली उतरवणाऱ्या, वाटणाऱ्या जागांकडे अजून फारसं कोणी बघत नाही, म्हणून माडाखाली यांचा प्रस्ताव मला महत्त्वाचा वाटतो. २०२२ साली कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं, त्याची सबस्टेशनं आता मार्गावर उभी आहेत. पोरांना ती समजावून सांगायची तर जुनं एखादं उघडून दाखवता यायला हवं.

---

माडाखाली

उशिरा लिहितोय, धावपळ चालली होती.

कौलं बसवून घेतली. पागोळी ताई, तुमचं म्हणणं खरं निघालं, एक वासा भिंतीकडच्या टोकाला कुजायला लागला होता. जोड दिला. वीज कंपनीच्या उपविभागातले साहेब भेटले. नीट ऐकून घेतलं, स्वतः पॅनेलच्या खोलीत येऊन उभे राहिले. लेखी काही दिलेलं नाही, पण ग्रामसभेचा ठराव येईपर्यंत खोलीतलं सामान लॉटमध्ये धरणार नाही म्हणाले. तेलाचे नमुने घ्यायला लावतो हेही म्हणाले. सातबाऱ्यावर मंडळाचं नाव आहे आणि फेरफारात जागा गावातल्या एका घराने विनामोबदला दिल्याची नोंद सापडली. त्या घरातले आजोबा ग्रामसभेला येणार आहेत.

ट्रान्सफॉर्मर सोडला. यादीत एवढंच ठेवलंय: पॅनेलची रांग जागच्या जागी, त्यातले रिले, एक ऑइल ब्रेकर रिकामा करून, एक ब्रीदर, इन्सुलेटरच्या डिस्कची एक माळ, भिंतीवरचा नकाशा आणि कागद.

कागदांचं सांगायचं राहिलं. बॅटरीच्या खोलीच्या माळ्यावर अकरा लॉगबुकं मिळाली आणि परमिटची दोन पुस्तकं. तीन लॉगबुकांना वाळवी लागली आहे, बाकीची वाचता येतात. आमच्या पडवीत चादरीवर पसरून ठेवली आहेत, पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. आजी रोज उलटते.

जुना ऑपरेटर काका, एका पानावर शेरा आहे: ‘फी. २ अर्थ फॉल्ट. शाळेमागे फणस. ऑप. स्वतः गेला, ला.मन आजारी.’ खाली सही आहे ती तुमच्या नावाच्या अक्षरांनी सुरू होते. तुम्ही आमच्या गावी नव्हता म्हणालात.

---

जुना ऑपरेटर

बदलीवर नव्हतो. रजेच्या माणसाच्या जागी आठ दिवस आलो होतो, ते विसरलो होतो. फणस आठवला. फांदी तारेवर टेकलेली, पाऊस थांबत नव्हता. शाळेचे गुरुजी छत्री आणि कोयता घेऊन आले आणि मी परमिट कोणाला देणार, स्वतःच्याच नावाने फाडलं.

ते पुस्तक त्या दोघांपैकी एक असेल तर परतीच्या रकान्यात माझीच सही असायला हवी. बघून सांगा. ग्रामसभेच्या दिवशी मुलगी मला घेऊन येईल, पॅनेलसमोर उभं राहून सगळं सांगतो. कोणीतरी लिहून घ्या.